संगमावरील फेरी

साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याने पूर्वेस निघाले, की सुमारे पाच किलोमीटरांवर कृष्णा आडवी येते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून निरनिराळ्या वाटांनी खाली उतरलेल्या कृष्णा आणि वेण्णा या दोन नद्यांची भेट येथे होते. या भेटीच्या ठिकाणी कृष्णेच्या पश्चिम तीरावर संगम माहुली आणि पूर्व तीरावर क्षेत्र माहुली अशी दोन गावे वसली आहेत. पावसाळ्यात येथील पाणी घाटाच्या पायऱ्या एकामागून एक गिळीत वर चढते. चैत्र-वैशाखात मात्र नदीचे रूप पालटते. वरच्या अंगाला कृष्णेवर धोमचे आणि वेण्णेवर कण्हेरचे धरण झाल्यापासून धरणातून पाणी सुटेल तेवढेच पात्रात दिसते. मग काळे खडक उघडे पडतात, वाळू तापते आणि एरवी पाण्याशेजारी असलेली जुनी दगडी बांधकामे कोरड्या पात्राच्या कडेला उन्हात उभी राहतात.

अशाच एका वैशाखातील संध्याकाळी एक आजोबा, त्यांचा बारा वर्षांचा नातू आणि मोत्या नावाचा कुत्रा असे तिघे घरातून बाहेर पडले. ही त्यांची नित्याची फेरी होती. घरापासून विश्वेश्वराचे देऊळ, देवळापासून घाट, घाटावरून समाध्यांकडे आणि तेथून वळसा घेऊन पुन्हा घरी, एवढीच ती वाट. तरुण माणसास तिला अर्धा तास पुरे. परंतु आजोबांचे गुडघे दुखत असल्यामुळे आणि मोत्याला प्रत्येक दगडाची विचारपूस करावयाची असल्यामुळे तिला तासभर लागत असे.

मोत्या काही मोठ्या कुळातला नव्हता. पाच वर्षांपूर्वी श्रावणातल्या पावसात घाटाच्या वरच्या पायरीवर कुडकुडत बसलेले एक तांबूस पिल्लू नातवाने सदऱ्यात गुंडाळून घरी आणले होते. आजीने आधी कपाळाला हात लावला आणि मग दुधाची वाटी आणली. तेव्हापासून तो त्या घरचा झाला. त्याचा एक कान पांढरा होता, आणि नातवाच्या मते सगळ्या माहुलीत तसा कान दुसऱ्या कोणाला नव्हता.

आज मात्र नातू गप्प होता. एरवी तो मोत्याबरोबर धावत पुढे जाई आणि आजोबांची वाट पाहत देवळाच्या पायरीवर बसे. आज त्याने साखळी हातात धरली होती; पण त्याचे लक्ष मोत्याकडे नव्हते, वाटेकडेही नव्हते.

त्याच्या गप्प बसण्याला कारण होते. वडिलांची बदली सांगलीस झाली होती. येत्या शनिवारी सामान हलवावयाचे होते. आईवडील आणि तो सांगलीस जाणार होते; आजोबा घर सांभाळण्यासाठी माहुलीतच राहणार होते. प्रश्न उरला होता तो मोत्याचा. सांगलीतील घरमालकाने कुत्रा चालणार नाही असे आधीच कळविले होते. दोन दिवसांपूर्वी रात्री वडील त्याला म्हणाले होते, "आप्पांच्या गुडघ्यांना आता या कुत्र्याची ओढाताण सोसणार नाही. घाटावर त्याने हिसका दिला आणि ते पडले, तर जवळ कोण आहे? सामानाच्या गाडीतून त्याला वाटेतल्या एखाद्या बाजाराच्या गावी सोडून देऊ. कुत्रे कोठेही पोट भरते आणि चार दिवसांत विसरते." मग थोडे थांबून ते म्हणाले होते, "सांगलीला शाळा लांब आहे. तुला सायकल घेऊ."

आणि नातू काहीच बोलला नव्हता. 'नको' हा शब्द ओठांवर येण्यापूर्वी डोळ्यांसमोर सायकल आली होती. ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नव्हती. आजोबांना तर मोत्याच्या बाबतीत काय ठरले आहे हेच ठाऊक नव्हते.

तिघे विश्वेश्वराच्या देवळापाशी आले. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी सुमारे १७३५ साली बांधलेले हे देऊळ काळ्या दगडाचे आहे. दिवसभर तापलेला तो दगड संध्याकाळी हाताला ऊबदार लागतो. मोत्या नेहमीप्रमाणे देवळाबाहेर बसून राहिला. आजोबांनी देवाला हात जोडले आणि पलीकडच्या तीराकडे पाहिले. तेथे क्षेत्र माहुलीचे रामेश्वराचे देऊळ मावळत्या उन्हात उजळले होते.

"रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे," आजोबा म्हणाले. "नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल त्यांनी राघोबादादांना दोषी ठरविले. समोर सत्ताधीश आहे म्हणून ते गप्प बसले नाहीत."

आजोबांनी हे वाक्य यापूर्वीही अनेकदा उच्चारले होते. आज 'गप्प' हा शब्द नातवाला काट्यासारखा बोचला. त्याने साखळी उगीचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

घाटाच्या पायऱ्या उतरताना आजोबांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. मोत्या दोन पायऱ्या पुढे जाई आणि मागे वळून पाही. आजोबा एक पायरी उतरले, की तो दुसरी उतरे. पूर्वी तो एका दमात पाण्यापर्यंत धाव घेत असे. परंतु आजोबांचे गुडघे दुखू लागल्यापासून त्याने आपली चाल आपणच बदलली होती. तसे त्याला कोणी शिकविले नव्हते. नातवाने हे रोज पाहिले होते. पण त्याकडे त्याचे लक्ष आज प्रथमच गेले. 'हिसका दिला आणि ते पडले तर,' हे वडिलांचे शब्द त्याला आठवले आणि तो अधिकच खिन्न झाला.

नदीकाठी साताऱ्याच्या राजघराण्यातील माणसांच्या समाध्या आहेत. काही मोठ्या, काही लहान. काहींचे दगड निखळले आहेत, काहींच्या सांध्यांतून गवत उगवले आहे. अनेक पावसाळ्यांचे पूर त्यांच्यावरून गेले आहेत. छत्रपती शाहू महाराजांची समाधी येथे आहे. शिवछत्रपतींचे हे नातू. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला आणि १५ डिसेंबर १७४९ रोजी त्यांचे देहावसान झाले. या एकेचाळीस वर्षांत मराठ्यांचे घोडे नर्मदा ओलांडून दूर उत्तरेपर्यंत गेले. त्यांच्या मातोश्री महाराणी येसूबाई यांचीही समाधी याच माहुलीत असल्याचे साताऱ्यातील इतिहासाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

आणि येथेच आणखी एक समाधी आहे. ती राजाची नाही, राणीची नाही, कोणा सरदाराचीही नाही. ती एका कुत्र्याची आहे. त्याचे नाव खंड्या. दगडात घडविलेली त्याची मूर्ती वाऱ्यापावसाने झिजली आहे. तरी ती कुत्र्याची आहे हे लहान मूलही ओळखते.

मोत्या त्या दगडी कुत्र्यापाशी गेला, त्याने त्याला हुंगले आणि शेजारीच अंग टाकले. नातवाने ही समाधी जन्मापासून पाहिली होती. जी वस्तू घराजवळ असते तिच्याविषयी माणूस सहसा प्रश्न विचारत नाही. आज त्याने विचारले.

"आजोबा, राजाने कुत्र्याची समाधी का बांधली?"

आजोबा एका दगडावर टेकले. "शाहू महाराजांना शिकारीचा फार नाद होता. एकदा शिकारीच्या वेळी वाघापासून त्यांच्या जिवाला धोका निर्माण झाला आणि या खंड्यामुळे ते वाचले, असे परंपरेने सांगतात. महाराजांनी ते मनात ठेवले. त्यांनी खंड्याला पालखीचा मान दिला, त्याच्या नावाने जहागिरीची सनद करून दिली. एकदा तर भर दरबारात त्याच्या अंगावर जरीचे वस्त्र आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली, असेही म्हणतात."

"कुत्र्याला पालखी?" नातवाला हसू आले.

"तुला हसू आले, तसे पुष्कळांना आले असेल. ग्रँट डफ नावाचे ब्रिटिश अधिकारी साताऱ्यास होते. त्यांनी लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या कुत्र्याची हकीगत दिली आहे. पण उतारवयातील राजाचा लहरीपणा म्हणून दिली आहे."

"मग तो लहरीपणाच होता का?"

आजोबांनी उत्तर देण्यास वेळ घेतला. "थोडा असेलही. कुत्र्याला सनद वाचता येत नाही आणि पगडीचे त्याला ओझेच व्हायचे. त्याच्या लेखी भाकरीचा तुकडा आणि पाठीवर धन्याचा हात हीच जहागीर. पण महाराजांच्या पदरी माणसे थोडी होती का? त्यांच्यासाठी लढणारे शेकडो होते. त्या गर्दीतही एका मुक्या जनावराचा उपकार त्यांनी लक्षात ठेवला. ही लहर असेल, तर ती चांगली लहर म्हटली पाहिजे."

नातू वाळूत बोटाने रेघा ओढीत राहिला. मग मान वर न करता तो म्हणाला, "पण खंड्याने महाराजांचा जीव वाचविला होता. मोत्याने कोणाचा जीव वाचविला आहे?"

प्रश्न साधा होता. परंतु मुलाचा आवाज साधा नव्हता. आजोबांच्या ते ध्यानात आले. चाळीस वर्षे शाळेत शिकविलेल्या माणसाला मुलांच्या आवाजातील असे फरक बरोबर कळतात. त्यांनी मात्र तसे दाखविले नाही.

"वाघ एकदाच आला," ते म्हणाले. "त्याआधी खंड्या किती दिवस महाराजांबरोबर रानात हिंडला असेल! तेव्हा वाघ आला नाही. म्हणून काय त्या दिवसांत तो कमी इमानी होता? वाघ येणार आहे हे त्याला कोठे ठाऊक होते? तो रोज जागा राहत होता, म्हणून त्या एका दिवशीही जागा होता. मोत्याच्या वाट्याला वाघ आला नाही, एवढेच. गेल्या वर्षी तुझी आजी आजारी होती तेव्हा अकरा रात्री तो उंबरठ्याशी बसून होता. मी पाणी घ्यायला उठलो, की तोही उठे. मी बसलो, की तो बसे. त्याने काही तिचा आजार बरा केला नाही. पण त्या घरात तेव्हा मी एकटा जागा नव्हतो."

मोत्याने आपले नाव ऐकून पांढरा कान उभारला आणि शेपटी वाळूवर दोनदा आपटली.

नातवाच्या घशात काहीतरी दाटून आले. रेघा ओढणारे बोट थांबले. मग त्याने सारे सांगितले: सामानाची गाडी, बाजाराचे गाव, सायकल आणि आपले गप्प बसणे. सांगताना त्याने एकदाही मोत्याकडे पाहिले नाही.

आजोबा रागावले नाहीत. ते बराच वेळ शाहू महाराजांच्या समाधीकडे पाहत राहिले. पश्चिमेकडे सूर्य उतरत होता आणि समाध्यांच्या सावल्या वाळूवर लांब होत चालल्या होत्या.

"हे महाराज सात वर्षांचे होते," ते हळूहळू बोलू लागले, "तेव्हा १६८९ मध्ये रायगड पडला आणि आईबरोबर ते मोगलांच्या कैदेत गेले. त्यांची सुटका झाली ती १७०७ साली, अठरा वर्षांनी. पण सुटले ते एकटेच. आईला ओलीस म्हणून मागे राहावे लागले. विचार कर, अठरा वर्षे जी आई छावणीत आपल्यासोबत राहिली, तिला तेथेच ठेवून त्यांना स्वराज्याची वाट धरावी लागली. त्यांनी आईला टाकली का?"

नातवाने मान हलविली. "नाही."

"नाही. पुढे बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीस गेले आणि १७१९ मध्ये येसूबाई परत आल्या. मध्ये बारा वर्षे गेली; पण मुलगा आईला विसरला नाही. मागे ठेवून जाणे आणि टाकून देणे यांत फरक आहे, बाळ. मागे ठेवून जाणे कधीकधी माणसाच्या हातात नसते. टाकून द्यावयाचे की नाही, हे मात्र त्याच्याच हातात असते."

"मग तुम्ही बाबांना सांगाल?" नातवाने आशेने विचारले.

"मी सांगणार नाही," आजोबा म्हणाले. "गप्प कोण बसले होते?"

परतताना मोत्या पुन्हा दोन पायऱ्या पुढे चढला आणि वळून उभा राहिला. या वेळी नातवाने साखळी सैल सोडली आणि त्याच्या चालीने आपण चालू लागला.

त्या रात्री जेवणे झाल्यावर तो वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. त्याचे पाय थरथरत होते. "बाबा, मोत्याला सोडू नका. मला सायकल नको," तो एका दमात म्हणाला. "त्या पैशांतून त्याची लस आणि खाणे होईल. शेजारचा मुलगा त्याला रोज फिरवून आणायला तयार आहे. मी त्याला आताच विचारून आलो. आणि मोत्या आजोबांना पाडणार नाही. तुम्ही उद्या घाटावर येऊन पाहा."

वडील काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खरोखरच घाटावर आले. वरच्या पायरीवर उभे राहून त्यांनी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना खाली उतरताना पाहिले. पुढे जाणारा, थांबणारा, मागे वळून पाहणारा कुत्राही पाहिला. घरी आल्यावर ते म्हणाले, "मला आप्पांची काळजी वाटत होती. त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्यालाच मी घालवून देत होतो, हे माझ्या लक्षात आले नाही. मोत्या राहू दे. सायकल पुढच्या वर्षी पाहू."

शनिवारी गाडी निघाली तेव्हा मोत्या तिच्यामागे रस्त्यापर्यंत धावत आला. तेथे आजोबांनी हाक मारली. तो थांबला. एकदा गाडीकडे आणि एकदा आजोबांकडे त्याने पाहिले आणि मग तो परत फिरला. गाडीत बसलेल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी होते; पण मान खाली घालावी असे मात्र त्याला वाटले नाही.

सांगलीलाही कृष्णाच आहे. माहुलीहून निघालेले पाणी कराडला कोयनेला भेटते आणि मग सांगलीस येते. शहराजवळच्या हरिपुरात तिला वारणा मिळते. तेथेही संगम आहे आणि तेथील महादेवाचे नावही संगमेश्वर असेच आहे. नव्या शाळेत जाऊ लागलेला तो मुलगा एका रविवारी वडिलांबरोबर चालत हरिपुरास गेला. घाटावर एक रोडका कुत्रा पायात शेपूट घालून बसला होता. मुलाने शिदोरीतील अर्धी भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवली आणि त्याचे खाणे संपेपर्यंत तो तेथेच उभा राहिला. वडील पुढे गेले होते. ते मागे वळले, त्यांनी पाहिले आणि काही न बोलता तेही थांबले.

घरी आल्यावर आजोबांचे पत्र आलेले होते. त्यात लिहिले होते: "तुझ्या मित्राची लस टोचून झाली. तो डॉक्टरांवर भुंकला. पण चावला नाही. आम्ही रोज फेरीस जातो. घाटाच्या वरच्या पायरीवर तो तुझ्यासाठी थोडा वेळ थांबतो आणि मग माझ्याबरोबर खाली उतरतो. मीही त्याला घाई करीत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ये."

मुलाने ते पत्र दोनदा वाचले. मग कागद घेऊन तो उत्तर लिहावयास बसला. पहिल्या ओळीत त्याने आजोबांना नमस्कार लिहिला आणि दुसऱ्या ओळीत मोत्याला.